हरळीला पाणी: ओपनस्प्रिंकलर, होम असिस्टंट आणि टेक्सासची काळी माती

आधी निकाल सांगते, पुराण नंतर. ज्याच्या अंगणात जमिनीखालून पाइप टाकलेले स्प्रिंकलर आहेत आणि ज्याच्या घरात होम असिस्टंट (घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणारं, घरातच बसवायचं सॉफ्टवेअर) चालतो, त्याने ओपनस्प्रिंकलर हा कंट्रोलर, म्हणजे ठरल्या वेळी पाणी सोडणारं आणि बंद करणारं खोकं, घ्यावा. होम असिस्टंट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करूनही घ्यायचं नाही, त्याने रॅचिओ ३ हा तयार कंट्रोलर घ्यावा, ॲप डाउनलोड करावं आणि शनिवार-रविवार पोरांच्या क्रिकेटला द्यावेत. या दोघांच्या मध्ये जे अडकलेत त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत राहतो. घराबरोबर आलेला कंट्रोलर गॅरेजच्या भिंतीवर होता: गोल डायल, चार बटणं, आणि लाइट जाऊन आली की बारावर लुकलुकत बसणारं घड्याळ. पाऊस धो धो पडत असला तरी हा आपला पहाटे चारला नेमाने सुरू. टेक्सासमध्ये २००९पासून नव्या ऑटोमॅटिक सिस्टीमला पाऊस ओळखणारा सेन्सर असावाच लागतो. आमच्या पन्हाळीलाही तो होता, पण त्याची वायर अर्ध्यात तुटून लोंबत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, त्या काळातले सगळेच साधारण तसे होते.

कंट्रोलर निवडण्याआधी माती सांगितली पाहिजे, कारण इथे सगळा खेळ मातीचा आहे. हा ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी मिळालं की फुगते. मी परभणीची, त्यामुळे तिची ओळख करून घ्यावी लागली नाही. मृदाशास्त्राच्या वर्गवारीत आपली मराठवाड्याची भारी काळी आणि इथली ह्यूस्टन ब्लॅक दोन्ही व्हर्टिसॉल या एकाच गटात बसतात. फरक एवढाच की परभणीत या मातीत कापूस आणि सोयाबीन घेतात, आणि इथे तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब ओतून त्यावर अख्खं घर उभं करतात. उन्हाळ्यात माती आकसली की स्लॅबच्या कडेचा आधार सुटतो, भिंतीला तिरकी चीर जाते, दारं चौकटीत अडकायला लागतात. पाया दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांच्या पाट्या इथे चौकाचौकात दिसतात त्या यामुळे. म्हणून या भागात लोक घराच्या पायाला पाणी देतात. भिंतीपासून हात-दीड हातावर ठिबकची किंवा पाझरणारी नळी फिरवलेली असते आणि माती सगळीकडून सारखी ओलसर ठेवायची असते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा आले तेव्हा ही नळी बघून एवढंच म्हणाले, "घराला पाणी देता?" त्यापुढे काही बोलले नाहीत. पण लॉनपाशी गेल्यावर त्यांना राहवलं नाही. इथे ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि ज्याच्या चटया पैसे मोजून आणून अंथरतात, ती आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दुर्वा. शेतातली हरळी खणून काढण्यात ज्यांची निम्मी हयात गेली, त्यांची लेक तिला मोबाइलवरून पाणी देत होती. "माय, हिला आम्ही उन्हात वाळवून मारायचं बघितलं, मेली नाही. तू कशाला पाजायलीस?"

हसण्यावारी नेलं तरी त्यात कंट्रोलरची सगळी गरज आली होती. हरळी थोड्या पाण्यावर तगते. थंडीत तर ती पिवळी पडून झोपूनच जाते, तेव्हा तिला जवळपास काहीच लागत नाही. पाया मात्र कोरडा पडता कामा नये. आणि झुडपांचं दोघांच्या मधलं काहीतरी. म्हणजे एका घरात तीन तऱ्हेचं पाणी आणि तीन वेगळी वेळापत्रकं. आमच्याकडे सात झोन, म्हणजे स्वतंत्र वॉल्व्ह असलेले सात भाग आहेत: पाच लॉनचे, एक झुडपांच्या ठिबकचा, एक पायाचा. सगळ्यांना एकाच टक्केवारीने कमी-जास्त करणारा कंट्रोलर कितीही हुशार असला तरी कामाचा नाही.

मग शहराचे नियम. फ्रिस्कोला पाणी येतं नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टकडून, लॅव्हन तलाव वगैरेंमधून. स्प्रिंकलरने लॉन भिजवायचा दिवस म्हणजे तुमच्या गल्लीतला कचऱ्याचा दिवस, आठवड्यातून एकदा. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा स्प्रिंकलर बंद. ठिबकला आणि हातातल्या नळीला जास्त मोकळीक आहे. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची आवर्तनं त्यांनी आयुष्यभर सांभाळली आहेत. इथे पाटकऱ्याच्या जागी कचऱ्याची गाडी, एवढाच बदल. शिवाय शहराचं स्वतःचं हवामान केंद्र आहे आणि दर आठवड्याला किती पाणी द्यावं याची ईमेल येते. वर्षातले पुष्कळ आठवडे त्या ईमेलमध्ये 'पाणी देऊ नका' एवढंच असतं. या फुकटच्या ईमेलवर जो चालेल त्याचं बिल कुठल्याही महागड्या कंट्रोलरवाल्यापेक्षा कमी येईल, हे माझं स्वच्छ मत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे की घरातलं सरासरी ३० टक्के पाणी घराबाहेर खर्च होतं आणि बागेला दिलेल्या पाण्यातलं ५० टक्क्यांपर्यंत वारा, बाष्पीभवन आणि ओघळ यांत वाया जाऊ शकतं.

आता दुकानातले पर्याय.

रॅचिओ ही डेन्व्हरची कंपनी. ॲप देखणं आहे. माती कोणती, गवत कोणतं, उतार किती, ऊन किती, असं एकेक विचारून ते वेळ ठरवतं, आणि चिकण मातीत थांबून थांबून पाणी देण्याची सोयही आपोआप करून टाकतं. शेजारच्या तेलुगू काकांकडे आहे, ते खूश आहेत, आणि मलाही त्यात खोट काढायची नाही. पण होम असिस्टंटशी त्याचं बोलणं रॅचिओच्या सर्व्हरमार्फत होतं. आपल्याच गॅरेजमधला झोन सुरू झाला ही बातमी आधी बाहेर जाते आणि तिकडून घरात परत येते. त्यासाठी होम असिस्टंटचा पत्ता इंटरनेटवरून पोचता येईल असा ठेवावा लागतो. आयफोनवाल्यांना होमकिटचाही (ॲपलच्या घरगुती जोडणीचाही) रस्ता आहे. माझा आक्षेप बारीक आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटला: पाण्याचा वॉल्व्ह उघडणाऱ्या खोक्याला बाहेरच्या कुणाची परवानगी लागू नये.

रेन बर्ड १९३३ची. शेतात टक-टक-टक करत फिरणारा तो पितळी स्प्रिंकलर आठवतो ना, त्याच्यावर ही कंपनी मोठी झाली. आमच्या लॉनमधली बरीचशी हेडं, म्हणजे पाणी फवारणारी तोंडं, त्यांचीच आहेत. त्यांच्या कंट्रोलरला वायफायचं एक छोटं मोड्यूल लावलं की होम असिस्टंट घरातल्या घरात त्याच्याशी बोलू शकतो, क्लाउडची गरज नाही. अडचण अशी की ते मोड्यूल एका वेळी एकाशीच बोलतं. नवऱ्याने फोनवर त्यांचं ॲप उघडलं की होम असिस्टंटला दार बंद. ज्या घरात एकच माणूस या भानगडीत पडतो त्याने हा पर्याय जरूर बघावा. हंटरचा हायड्रावाइज कंत्राटदारांना फार आवडतो, कारण दहा ठिकाणच्या बागा त्यांना एका स्क्रीनवर दिसतात; घरच्या माणसाला त्याचा उपयोग काय ते मला कळलं नाही, आणि होम असिस्टंटचा रस्ता तिथेही क्लाउडवरूनच जातो.

चौथा पर्याय नवऱ्याचा. बाजारातून ईएसपी३२ (वायफायवाली छोटी चिप) आणि आठ रिलेंचा, म्हणजे आठ विजेच्या खटक्यांचा, बोर्ड आणायचा, अशा चिपांसाठीच्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंकलरचा तयार कंपोनंट आहे तो टाकायचा, खर्च चाळीस डॉलरच्या आत. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच चूक नाही. पण मी टेस्टिंगमध्ये नोकरी करते. नवऱ्याने रविवारी दुपारी, जेवणानंतर लिहिलेल्या कोडच्या हातात घराच्या पायाचं पाणी द्यायला माझं मन होईना.

अण्णांनी मात्र यातलं काही न ऐकता नेमका प्रश्न विचारला. गावाकडे त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्डचा स्टार्टर आहे. रात्री थ्री फेज आली की घरातून रिंग द्यायची, मोटार चालू. त्यामुळे फोनवरून पाणी सोडण्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. त्यांनी विचारलं, "लाइट गेल्यावर हे काय करतं?"

ओपनस्प्रिंकलर घेण्याचं खरं कारण हे आहे. त्याचं वेळापत्रक त्याच्याच मेमरीत असतं. आत घड्याळ आहे, घड्याळाला स्वतःचा सेल आहे. लाइट परत आली की वेळ बरोबर असते आणि पुढची पाळी वेळेवर सुरू होते. (मधेच तुटलेली पाळी मात्र तो पुन्हा धरत नाही.) इंटरनेट गेलं तरी चालतो, वायफाय गेलं तरी चालतो, होम असिस्टंट बंद पडला तर त्याला पत्ताही लागत नाही. हार्डवेअर आणि फर्मवेअर दोन्ही मुक्त आहेत; उद्या कंपनी गुंडाळली तरी खोकं भिंतीवर मुकाट काम करत राहील. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासची वीज दिवसच्या दिवस गेली होती. ते ज्याने पाहिलंय त्याला हे मुद्दे पुस्तकी वाटणार नाहीत.

खोकं हाताच्या पंजाएवढं. आठ झोन अंगचेच, जास्त हवे असतील तर सोळा-सोळाचे जोडबोर्ड मिळतात. छोटा स्क्रीन, तीन बटणं, सेन्सरसाठी दोन जागा. आम्ही घेतला तेव्हा किंमत दीडशे डॉलरच्या आसपास होती, आणि २४ व्होल्ट एसीचा अडॅप्टर वेगळा. इथे एक सूचना: एसी, डीसी आणि लॅच अशा तीन जाती आहेत. घरगुती सिस्टीममध्ये जमिनीत पुरलेले वॉल्व्ह बहुधा २४ व्होल्ट एसीचेच असतात, तेव्हा एसीचा मॉडेल घ्यायचा. लॅच प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या वॉल्व्हसाठी.

बसवणं सोपं आहे, पण घाई करू नये. जुन्या कंट्रोलरचं झाकण उघडून आधी फोटो काढला, प्रत्येक वायरला मास्किंग टेपची चिठ्ठी लावली, मग स्क्रू सोडले. बहुतेक ठिकाणी पांढरी वायर सामाईक असते, पण रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावलेला बरा. सामाईक वायर आणि झोनची वायर यांच्यात वॉल्व्हच्या कॉइलचा रोध साधारण २० ते ६० ओमच्या दरम्यान दिसायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर वायर कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ असेल तर कॉइल जळलीय किंवा वायरी एकमेकींना चिकटल्यात. आमच्याकडे कोपऱ्यातला एक झोन असा तुटलेला निघाला. मागच्या मालकाच्या काळात कुणीतरी तिथे झाड लावताना फावडं मारलं असावं. नवा कंट्रोलर लावून "झोन चालत नाही" म्हणून त्याला शिव्या घालणारे पुष्कळ असतात; दोष बहुतेक वेळा जमिनीखाली असतो. एसी मॉडेलमध्ये आणखी एक गंमत आहे, चालू असलेल्या वॉल्व्हला किती करंट जातोय ते ॲपमध्ये दिसतं. वॉल्व्ह उघडायचा हुकूम गेला आणि करंट शून्य, म्हणजे पाणी येणार नाही हे अंगणात न जाताच कळतं. एवढ्या एका सोयीसाठी मी त्याला एक तारा जास्त देईन.

मग मोजणी. कुठला झोन किती मिनिटं चालवायचा हे कंट्रोलरला कळत नाही, आपण सांगावं लागतं. टेक्सास ए अँड एमची कृषी विस्तार सेवा सांगते की लॉनवर ठिकठिकाणी सरळ कडांचे डबे ठेवा, स्प्रिंकलर चालवा आणि किती पाणी साठलं ते पट्टीने मोजा. लोक ट्यूना माशाचे रिकामे डबे वापरतात. आमच्या घरात ट्यूना कुठून येणार? मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या काढल्या. सात वाट्या, उभ्या कडा, एका मापाच्या; या कामासाठीच केल्यासारख्या. (हळद मात्र आधी नीट धुवा, पट्टी पिवळी होते.) आकडे डोळे उघडणारे निघाले. साधी फवारणारी हेडं ताशी दीड इंचाच्या हिशेबाने पाणी ओतत होती, आणि बाजूच्या पट्टीत लावलेली फिरणारी बारीक धारांची हेडं ताशी ०.४ इंचाच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच पाण्यासाठी एका झोनला जवळपास चौपट वेळ. आधीच्या कंट्रोलरवर सगळ्यांना सारखी पंधरा मिनिटं लावलेली होती.

चिकण काळी माती ताशी दीड इंच पिऊच शकत नाही. पाच मिनिटांत वरचा थर चिखल होतो आणि उरलेलं पाणी फुटपाथवरून गटारात. म्हणून थोडं द्यायचं, मुरू द्यायचं, पुन्हा द्यायचं. रॅचिओ हे स्वतःहून करतो. ओपनस्प्रिंकलरमध्ये ते आपल्या हाताने मांडावं लागतं: प्रोग्रॅमची सुरुवात पहाटे चारला, मग दर तासाने आणखी दोनदा, प्रत्येक वेळी फवाऱ्याच्या झोनला चार-चार मिनिटं. जमतं, पण नव्या माणसाला हा पर्याय कुठे दडलाय ते सापडायला वेळ लागेल.

हवामानाप्रमाणे कमी-जास्त करण्याच्या पद्धती यात दोन-तीन आहेत. झिमरमन पद्धत सोपी आहे, तापमान, आर्द्रता आणि पाऊस बघून शून्य ते २०० टक्क्यांत एक आकडा काढते. तिची मूळ मांडणी ७० अंश फॅरनहाइट आणि ३० टक्के आर्द्रतेवर आहे. डॅलसच्या जुलैत ती तशीच ठेवली तर आकडा शंभराच्या बराच वर जातो आणि हरळीची चैन होते. आधारभूत आकडे बदलता येतात, बदला. दुसरी पद्धत बाष्पोत्सर्जनाच्या, म्हणजे माती आणि झाडांतून किती पाणी उडून जातं त्याच्या, हिशेबाची. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला ज्यांनी वाचलाय त्यांना त्यातलं "बाष्पोत्सर्जनाचा वेग वाढला आहे" हे वाक्य पाठ असेल, तोच हा वेग. मी ही पद्धत ठेवली आहे. मुख्य गोष्ट अशी की टक्केवारी लागू करायची की नाही हे प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं सांगता येतं. लॉनला लागू, झुडपांना लागू, पायाला नाही. पाया ठरलेल्या मिनिटांवर चालतो. फक्त खरा पाऊस पडला तर थांबतो. चोवीस तास हवामानाची माहितीच मिळाली नाही तर कंट्रोलर गुपचूप १०० टक्क्यांवर परत येतो, हेही मला आवडलं. माहिती नसेल तर नेहमीचं करावं, शहाणपणा करू नये.

आता होम असिस्टंट. ओपनस्प्रिंकलरचं इंटिग्रेशन (दोघांना जोडणारं सॉफ्टवेअर) मूळ यादीत नाही, हॅक्स या बाहेरच्या भांडारातून घ्यावं लागतं. म्हणजे समाजातल्या हौशी लोकांनी लिहिलेलं आणि सांभाळलेलं. राउटरमध्ये कंट्रोलरला कायमचा पत्ता द्यायचा, तो पत्ता आणि पासवर्ड इंटिग्रेशनला सांगायचा, की सगळे झोन, सगळे प्रोग्रॅम, पाण्याची टक्केवारी, पावसाची सुट्टी (ठरावीक काळ पाळ्या थांबवणं), करंट, हे सगळं समोर येतं. पासवर्डवरून आठवलं: कारखान्यातून येणारा पासवर्ड जगजाहीर आहे, पहिल्याच मिनिटाला बदला. आणि त्याचं स्वतःचं पान साध्या एचटीटीपीवर चालतं, तेव्हा राउटरमध्ये पोर्ट उघडून ते जगाला दाखवू नका. बाहेरून बघायचं असेल तर त्यांचं टोकन (त्यांच्या क्लाउडमार्फत जोडायची किल्ली) वापरा किंवा होम असिस्टंटमधून जा. उपकरणांनी एकमेकांना निरोप द्यायची एमक्यूटीटी ही पद्धतही येते, ज्यांच्याकडे तिचा ब्रोकर (निरोप पोचवणारा प्रोग्रॅम) आधीच चालू आहे त्यांना झोन सुरू-बंद झाल्याची बातमी तत्काळ मिळते.

इथे माझं एक ठाम मत आहे आणि यावरून नवऱ्याशी वाद झालेला आहे. इंटिग्रेशन लागलं की माणसाला हुरूप येतो आणि तो सगळं वेळापत्रक होम असिस्टंटच्या ऑटोमेशनमध्ये लिहायला बसतो: चार वाजता झोन एक चालू, चार मिनिटांनी बंद, मग झोन दोन. हे करू नये. "चालू" हा हुकूम गेला आणि "बंद" जायच्या आधी होम असिस्टंट अपडेटसाठी रीस्टार्ट झाला तर काय होईल ते बघा. रोजचं रहाटगाडगं कंट्रोलरकडे, आणि अपवाद तेवढे होम असिस्टंटकडे. झोन हाताने चालवायचा झाला तरी मिनिटं सांगूनच चालवायचा, म्हणजे बंद करायची जबाबदारी कंट्रोलरचीच राहते.

आमच्याकडचे अपवाद असे आहेत. रात्रीचं तापमान ३६ अंश फॅरनहाइटच्या खाली जाणार असा अंदाज आला की होम असिस्टंट दोन दिवसांची पावसाची सुट्टी लावतो. फुटपाथवर पाणी गोठलं तर पहाटे कुत्रं फिरवणारा माणूस पडेल. परसातल्या पर्जन्यमापकात पाव इंचाच्या वर पाऊस दिसला की तसंच, मग हवामान केंद्राचं काहीही म्हणणं असो. टेक्सासचा पाऊस असा आहे की विमानतळावर ढगफुटी आणि आमच्याकडे कोरडं, किंवा उलट. पहाटे वारा ताशी १५ मैलांच्या वर असला की फवाऱ्याचे झोन थांबतात आणि मला फोनवर निरोप येतो, कारण आठवड्याची एकच पाळी असते, ती गेली तर संध्याकाळी सहानंतर पुन्हा लावायची की सोडून द्यायची हे मी ठरवते. संध्याकाळी परसात हळदीकुंकू किंवा पोरांचा वाढदिवस असला की कॅलेंडरमध्ये तसं लिहायचं, त्या दिवशी सगळं बंद. आणि पाण्याचा दिवस हाच कचऱ्याचा दिवस असल्यामुळे आदल्या रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातला स्पीकर कचऱ्याचे डबे बाहेर काढायची आठवण करतो. सगळ्या प्रकल्पातला हा भाग घरच्यांना सर्वांत जास्त आवडला, आणि त्याचा स्प्रिंकलरशी काडीमात्र संबंध नाही.

अण्णांसाठी त्यांच्या फोनवर दोन बटणं ठेवली, "सगळं बंद" आणि "पाया दहा मिनिटं". दुसरं ते वापरत नाहीत. बूट काढून बोटाने माती उकरतात, वाफसा आहे की नाही ते बघतात आणि गरज असेल तरच मला सांगतात. मी ओलाव्याचा सेन्सरही लावून बघितला. भेगाळणाऱ्या मातीत सेन्सरची सळई आणि माती यांच्यात फट पडते आणि आकडा खोटा येतो. एकदा ओलाव्याने माती फुगली की पुन्हा बरा येतो. या मातीत तरी त्या सेन्सरवर ऑटोमेशन टांगू नका.

तक्रारी आहेत. ॲप दहा वर्षांपूर्वीचं वाटतं. सगळं आहे, पण मेनूच्या आत मेनू, आणि नावं इंजिनिअरने इंजिनिअरसाठी ठेवलेली. वायफाय फक्त २.४ गीगाहर्ट्झ, त्यामुळे ज्यांच्या गॅरेजमध्ये सिग्नल अशक्त आहे त्यांनी आधी तो बघावा. खोकं पावसापाण्यात टिकणारं नाही, बाहेर लावायचं तर वेगळी बंद पेटी घ्यावी लागते. माती आणि उतार विचारून स्वतः मिनिटं काढून देणारी जादू यात नाही. वाट्या मांडाव्याच लागतात. आणि हॅक्सवरचं इंटिग्रेशन होम असिस्टंटच्या मोठ्या अपडेटनंतर कधी रुसेल याची हमी कुणी देत नाही. तेवढ्यासाठीच तर वेळापत्रक कंट्रोलरमध्ये ठेवायचं.

बचत किती झाली? आकडा सांगणार नाही, कारण दोन उन्हाळे सारखे नसतात आणि अशा तुलना मी ऑफिसात फेटाळते. बिल उतरलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा वाट्यांच्या मोजणीचा आणि 'देऊ नका'वाल्या ईमेलचा आहे, कंट्रोलरच्या अकलेचा कमी.

पुण्या-नाशिकहून भाऊ-बहिणी विचारतात म्हणून: तिकडेही चालेल, पण हिशेब वेगळा आहे. अडॅप्टर अमेरिकेतला नेऊ नका, तो १२० व्होल्टचा असतो; २३० वरून २४ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर तिकडेच घ्या. वॉल्व्ह कुठल्या जातीचे आहेत ते त्यावर छापलेलं वाचून मगच मॉडेल मागवा. गच्चीवरच्या वीस कुंड्यांसाठी मात्र हे खोकं, वर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर, हे सगळं अंगावर घेऊ नका. नळाला लावायचा बॅटरीचा टायमर आणि ठिबकची नळी पुरे. बंगल्याभोवती बाग असेल, चार-सहा वॉल्व्ह असतील आणि घरात कुणीतरी होम असिस्टंटवर आधीच रात्री जागवत असेल, तर घ्या.

माझ्याकडे एक काम बाकी आहे, प्रवाहमापक बसवायचं. पहिल्या सेन्सरच्या जागेत तो लागतो. एखादं हेड गवत कापायच्या यंत्राखाली तुटलं की पहाटे चारला तिथे कारंजं उडतं आणि कुणाला पत्ता नसतो. प्रवाह नेहमीपेक्षा जास्त दिसला तर होम असिस्टंटने पाळी थांबवावी अशी योजना आहे. त्यासाठी मुख्य पाइप कापावा लागणार, आणि तो कापायला मी परवानाधारक इरिगेटरलाच बोलावणार आहे. नवऱ्याने करवत काढून ठेवली होती, ती मी परत कपाटात ठेवली.